चाळिशीनंतरचा फुटबॉल: आठवड्यातून एकदा नको, दोनदा

कोल्हापुरात पंचेचाळीस वर्षांचा माणूस फुटबॉल सुरू करत नाही, तो फुटबॉलकडे परत येतो. कधीकाळी पेठेतल्या तालमीच्या संघाकडून खेळलेला असतो, नाहीतर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून निम्मं तारुण्य घालवलेलं असतं. मधली वीस वर्षं नोकरी, दुकान, मुलांच्या शाळा यांत जातात. मग एके दिवशी डॉक्टर रक्तदाब किंवा साखरेचा आकडा दाखवतात आणि "रोज चालायला जा" म्हणतात. चालायचा कंटाळा असलेला माणूस माळ्यावर बूट शोधायला लागतो. चाळिशीपुढच्या अशा खेळाडूंचा सराव आम्ही घेतो. आमच्यात मैदानावरचे प्रशिक्षक आहेत, तसे फिजिओथेरपिस्टही. परत आलेला माणूस पूर्ण सामना खेळेपर्यंत काय काय घडतं आणि गाडी नेमकी कुठे अडते, ते इथे क्रमाने लिहितो आहोत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. आठवडाभर खुर्चीत बसून फक्त रविवारी मोठ्या मैदानावर नव्वद मिनिटं खेळणार असाल, तर खेळू नका. आठवड्यातून दोन दिवस, लहान मैदानावर, पाच-पाच किंवा सात-सात जणांत खेळणार असाल तर जरूर खेळा. या वयात याच्या तोडीचा व्यायाम आम्हाला दुसरा माहीत नाही. वरवर फरक वेळापत्रकाचा दिसतो, पण आमच्याकडे येणाऱ्या दुखापतींची वाट बहुतेक वेळा त्या रविवारच्या सामन्यातूनच जाते.

फायद्याचं बोलणं हवेतलं नाही. कोपनहेगनमध्ये पीटर क्रुस्ट्रुप आणि येन्स बांग्सबो या संशोधकांनी व्यायामाची सवय नसलेल्या माणसांना फुटबॉल खेळायला लावून मोजमापं घेतली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २० ते ४३ वयाचे पुरुष होते. बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर खेळ. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता फुटबॉलवाल्यांत १३ टक्क्यांनी वाढली, नुसतं पळणाऱ्यांत ८ टक्क्यांनी. पुढच्या एका अभ्यासात रक्तदाब असलेले ३१ ते ५४ वयाचे पुरुष घेतले होते. आठवड्यातून दोनदा तासभर खेळून सहा महिन्यांत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १५१ वरून १३९ वर आणि खालचा ९२ वरून ८४ वर आला. एखाद्या गोळीने होतो तेवढा हा परिणाम आहे. पण हे आकडे आपल्या गटात वाचून दाखवताना लोक एक गोष्ट गाळतात. तिथे खेळ लहान मैदानावर, थोड्या माणसांत आणि नेमाने झाला होता. अकरा-अकराचा रविवारचा सामना तो नव्हे.

फुटबॉलने एवढं का साधतं? खेळताना ठोके सरासरीने कमाल ठोक्यांच्या ८० ते ८५ टक्क्यांवर राहतात. वयाला ०.७ ने गुणून ते २०८ मधून वजा केले की कमाल ठोक्यांचा अंदाज मिळतो. पंचेचाळिशीत तो साधारण १७६ येतो, म्हणजे खेळताना ठोके १४० ते १५० च्या घरात. ट्रेडमिलवर एवढ्या ठोक्यांना माणूस दहा मिनिटांत घड्याळ बघतो. मैदानात चेंडूमागे तास निघून जातो. शिवाय थांबणं, वळणं, उडी मारणं यांचे झटके हाडांना बसतात, आणि हाडांना मजबूत राहायला असे झटकेच लागतात. चालण्याने किंवा पोहण्याने ते काम होत नाही. चाळिशीनंतरच्या, विशेषतः पाळी थांबण्याच्या वयातल्या बायकांना हाडांसाठी फुटबॉल फार उपयोगी पडतो. आमच्याकडे त्या कमी येतात याचं कारण शरीर नव्हे, संध्याकाळी सातची वेळ आहे.

धोकाही त्याच थांबण्या-वळण्यात आहे. चाळिशीनंतर व्यायाम नसेल तर दम आणि स्नायू दोन्ही दर दशकाला घटत जातात, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) ताठर होतात, आणि फाटलेलं भरून यायला वेळ लागतो. पळायचा दम सहा आठवड्यांत बराच परत येतो. टेंडनला तीन-चार महिने लागतात. म्हणून खरी जोखमीची वेळ पहिला आठवडा नाही. दुसऱ्या महिन्यात दम आलेला असतो, अंगात जोर वाटतो आणि टाचेचं टेंडन अजून तयार नसतं. पोटऱ्या तेव्हा जातात.

आल्या आल्या आम्ही कोणाला चेंडूवर सोडत नाही, आधी कागद मागतो. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी. धूम्रपान करणारा, मधुमेही, किंवा घरात वडील-भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झालेला असेल, तर फिजिशियनला विचारून स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलवर चालवत काढलेला ईसीजी (टीएमटी). दक्षिण आशियातल्या लोकांत पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, हे अनेक देशांतल्या रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं आहे. म्हणून ही तपासणी आपल्याकडे चाळिशीतच करावी.

स्ट्रेस टेस्टबद्दल मोठा गैरसमज आहे. "टीएमटी निगेटिव्ह आली, आता काही होत नाही" असं म्हणून लोक दुप्पट जोराने खेळतात. धमनी बरीच अरुंद झाली असेल आणि त्यामुळे श्रम करताना रक्त कमी पडत असेल, तर ही चाचणी ते दाखवते. लहानसा चरबीचा थर, जो आज वाट अडवत नाही पण उद्या फुटून गुठळी करू शकतो, तो तिला दिसत नाही. म्हणून रिपोर्टपेक्षा आम्ही लक्षणं जास्त विचारतो. जोतिबाच्या पायऱ्या चढताना छातीत आवळल्यासारखं होतं का? जबडा, डावा खांदा, दोन्ही हात जड होतात का? पूर्वीएवढ्याच कामाला आता जास्त धाप लागते का? कधी पळताना डोळ्यांपुढे अंधारी आली का? यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "पित्ताचा त्रास आहे हो". पित्त पायऱ्या चढताना सुरू होऊन थांबल्यावर पाच मिनिटांत जात नाही. असं होत असेल तर मैदान बंद, आधी हृदयरोगतज्ज्ञ.

चालू गोळ्यांची यादीही लिहून घेतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत. मग मनगटावरच्या घड्याळाचा हिशेब निरुपयोगी ठरतो आणि बोलण्यावरून श्रम मोजावे लागतात. वाक्य पूर्ण बोलता येत असेल तर मध्यम श्रम, दोन-तीन शब्दांवर श्वास तुटत असेल तर जोरदार. लघवी वाढवणाऱ्या गोळीने उन्हाळ्यात लवकर चक्कर येते. एक औषध मात्र कोणाच्याच ध्यानात नसतं: लघवीच्या संसर्गाला किंवा जुलाबाला दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं. त्यांनी टाचेचं टेंडन तुटण्याचा धोका वाढतो, आणि औषध संपल्यावरही काही काळ राहतो. औषध मनाने बंद करायचं नाही. त्या काळात जोराने पळणं मात्र बंद ठेवायचं, आणि टाचेमागे दुखू लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

कागद झाले की चार आठवडे सामना नाही. पास, ताबा, त्रिकोणात चेंडू फिरवणं पहिल्या दिवसापासून चालतं, कारण चेंडूशिवाय चार आठवडे कोणी टिकत नाही. पळणं मात्र मोजून. पहिल्या आठवड्यात तीन दिवस, एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यापासून २० मीटरच्या सहा धावा, जोर अंदाजे ६० ते ७० टक्के. चौथ्यात ८० टक्के. थांबण्याचाही सराव लागतो. खूण आली की तीन पावलांत वेग तोडायचा, गुडघा वाकवून, ढुंगण खाली नेऊन. ताठ पायाने थांबणारा माणूस गुडघा गमावतो.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. सगळ्यात महत्त्वाचा पोटरीचा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली; बारा-बाराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तेवढेच गुडघा थोडा वाकवून. वाकवलेले फेरे लोक गाळतात, पण सरळ पायाने पोटरीचा वरचा स्नायू जास्त काम करतो आणि वाकवल्यावर आतला. पळताना दमतो तो मुख्यतः आतला. चौथ्या आठवड्यात एका पायावर यायचं, आणि एका पायावर सलग वीस होत नाहीत तोवर सामन्यात उतरायचं नाही. ही अट आमच्याकडे कोणालाही माफ नाही, जुन्या नामवंत फॉरवर्डलाही.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकायचं. शेवटी हातांवर पडायचं. सुरुवात आठवड्यातून एकदा, तीन-तीनचे दोनच फेरे. पहिल्याच दिवशी कोणी दहा केले तर दोन दिवस त्याला जिना उतरता येत नाही, आणि मग तो पुन्हा नॉर्डिकचं नाव काढत नाही. नेमाने केलं तर मांडीच्या मागच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, हे फुटबॉल संघांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. जांघेसाठी कुशीवर आडवं होऊन वरचा गुडघा बाकावर टेकवायचा आणि कंबर उचलायची. सहा-सहाचे दोन फेरे, दोन्ही बाजूंनी. तोल सांभाळायला एका पायावर तीस सेकंद उभं राहणं दात घासताना होतं.

यात दुखणार. स्नायू सर्वत्र ठणकतो, दोन्ही पायांत सारखा, दोन दिवसांत ओसरतो, तर चालू द्या. एकाच जागी बोट ठेवता येतं, एकाच पायात आहे, किंवा सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाच लंगडते, तर तो इशारा आहे. अशा वेळी पळणं थांबवून पोटरीचा व्यायाम कमी जोराने चालू ठेवायचा. पूर्ण विश्रांती घेतली की टेंडन आणखी कमकुवत होतं आणि दोन आठवड्यांनी तीच टाच पुन्हा दुखते.

बुटांचं थोडक्यात. माळ्यावरचे जुने बूट फेकून द्या. तळ चिकटवणारा गोंद आणि तळाचं रबर वर्षानुवर्षांत कुजतं आणि पहिल्या वळणाला तळ सुटतो. कृत्रिम टर्फवर बारीक रबरी गुठळ्यांचे टर्फ बूट घाला. लांब स्टड टर्फमध्ये रुततात, पाऊल अडकतं, अंग वळतं आणि मधे सापडलेल्या गुडघ्याची वाट लागते. मुरुमाच्या कडक मैदानावर आखूड, साच्यातले स्टड. चिखलात मात्र थोडे लांब चालतात. अंगठी काढून ठेवा, गोलकीपरने तर नक्कीच. जाळीत अडकलेल्या अंगठीने बोटाची कातडी सोलून निघते.

आता सामना. भाड्याच्या टर्फवर पैसे तासाचे असतात, त्यामुळे नऊला गेट उघडलं की नऊ वाजून एका मिनिटाला चेंडू फिरायला लागतो. दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत आणि मग अर्धा तास गाडीत बसलेला माणूस थेट पहिल्या धावेला. आम्ही सगळ्यांना पावणेनऊला बोलावतो आणि पार्किंगमध्येच अंग तापवतो. फिफाचा '११+' नावाचा वीस मिनिटांचा क्रम आहे. आधी आठ मिनिटं हलकं पळणं, आडवं पळणं, नितंब फिरवणं. मग दहा मिनिटं ताकद आणि तोल. शेवटी दोन मिनिटं वेगाने पळणं आणि दिशा बदलणं. नेमाने केलेल्या संघांत दुखापती लक्षणीय घटल्या आहेत. जागा-वेळ कमी असेल तर मधला भाग घरी करून या, पण शेवटच्या वेगवान धावा गाळू नका. उभं राहून तीस-तीस सेकंद स्नायू ताणत बसणं सामन्याआधी फार उपयोगी नाही; ते नंतर करा.

पाचव्या आठवड्यात पाच-पाच जण, ४० बाय २० मीटरचं मैदान, दहा मिनिटांचे चार भाग, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. आठव्या आठवड्यापासून सात-सात. अकरा-अकरा बाराव्या आठवड्याआधी नाही. मोठ्या मैदानावर धावपळ सरासरीने कमी होते हे खरं, पण तिथे तीस-चाळीस मीटरची पूर्ण वेगाची धाव येते, आणि मांडी तिथेच फाटते. लहान मैदानावर तेवढा वेग घ्यायला जागाच नसते.

नियम आम्ही आमचे केले आहेत. घसरून टॅकल नाही, हेडिंग नाही, मागून धक्का नाही, गोलकीपर दर भागाला बदलतो. हेडिंग बंद करण्यामागे स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंचा २०१९ चा अभ्यास आहे. मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सर्वसामान्यांच्या साडेतीन पट आढळले. हौशी खेळाडूला तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, पण चाळिशीत हेडिंगवाचून आपलं काहीच अडत नाही. शिवाय उडी मारून दोन डोकी आपटण्याचा प्रसंगही टळतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे माणूस कमी पडला की बाहेरून वीस वर्षांचं पोरगं घेणं. ते पोरगं आपल्या वेगाने खेळतं, त्यात त्याचा दोष नाही. पण त्याला अडवायला निघालेला सत्तेचाळीस वर्षांचा बॅक चार पावलांत अशा वेगाला जातो, जो त्याच्या पायाने वर्षानुवर्षं पाहिलेला नाही. माणूस कमी असेल तर चार-चार खेळा. दुसरी वाईट वेळ शेवटची दहा मिनिटं, बरोबरी असताना. स्नायू दमलेले, डोकं तापलेलं. आम्ही शेवटच्या भागात गोल मोजतच नाही. शिव्या खातो, पण मोजत नाही.

शिट्टी वाजली की धपकन बसू नका. पळताना पायांत उतरलेलं रक्त स्नायूंच्या हालचालीने वर चढत असतं. एकदम थांबलं की रक्तदाब पडतो, चक्कर येते. पाच-सात मिनिटं चालत राहा. आणि सामना संपताच सिगारेट पेटवणाऱ्यांना एवढंच: तेव्हा हृदय अजून जोरात चालू असतं, आणि धुराने त्याच्याच धमन्या आकसतात. दिवसातली सगळ्यात महाग सिगारेट ती. सामन्याआधी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन उतरण्याची पद्धतही अशीच. वेदना झाकली जाते, घाम गेलेल्या अंगात मूत्रपिंडावर ताण येतो, आणि हृदयविकार असलेल्याला या गोळ्या तशाही वर्ज्यच.

दुखापत झाली, तर. मागून कोणीतरी पोटरीवर लाथ मारल्यासारखं वाटतं, वळून पाहावं तर कोणी नाही, ही या वयाची खास दुखापत. पोटरीचा स्नायू फाटला असेल किंवा टाचेचं टेंडन तुटलं असेल. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मैदानातच कळू शकतो. माणसाला पालथं झोपवा, पावलं बाकाबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हाताने दाबा. पाऊल खाली हललं तर टेंडन शाबूत असण्याची शक्यता जास्त. हललंच नाही, किंवा टाचेच्या चार-पाच सेंटिमीटर वर बोटाला खड्डा लागला, तर टेंडन तुटलंय. फसगत अशी होते की तुटल्यावर अर्ध्या तासात वेदना कमी होते, माणूस थोडा चालतो, पाऊलही दुसऱ्या स्नायूंच्या जोरावर थोडं खाली दाबतो, आणि "लचकलंय" म्हणून घरी जातो. तीन आठवड्यांनी कळलं तर उपचार अवघड झालेले असतात. वेळेत गेलं तर बूट-प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया, दोन्ही मार्ग चांगले आहेत. मैदानावर यायला नऊ महिने ते वर्ष धरा.

घोटा मुरगळला आणि चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखत असेल, तर एक्स-रे. गुडघ्यात 'टक्' आवाज येऊन दोन तासांच्या आत सूज आली तर आत रक्त साचलं असं समजा, बहुधा लिगामेंट गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सूज आली तर गादीचा संशय. इथे एक सावधगिरी. चाळिशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यांच्या एमआरआयमध्येही गादी झिजलेली, फाटलेली दिसते. रिपोर्ट वाचून घाबरू नका. गुडघा तपासून घ्या. गुडघा अडकत नसेल तर बऱ्याच जणांचं व्यायामाने भागतं.

पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही. आपल्याकडे पोटरी धरली की चार हात तेलाची बाटली घेऊन धावतात. फाटलेल्या स्नायूत रक्त साचलेलं असतं. चोळलं, शेकलं किंवा दारू प्यायली की ते वाढतं. मांडीवर गुडघा बसून झालेला मार जोराने चोळला तर तिथे पुढे हाडासारखा कडक गोळाही तयार होऊ शकतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. पोटरी काही दिवसांनी आणखी सुजली, गरम झाली तर शिरेत गुठळी नाही ना, हे सोनोग्राफीने बघावं लागतं.

परतण्याची घाई हेच पुन्हा दुखापत होण्याचं मुख्य कारण. दिवस मोजू नका, पाय मोजा. दोन्ही पायांवर सारख्या संख्येने टाचा उचलता आल्या, एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या, आणि दोन सरावांत जवळपास पूर्ण वेगाने पळता आलं, की पुढचा सामना.

कोणी चेंडूपासून लांब, धक्का न लागता कोसळला, तर हृदय थांबलंय असं धरूनच पुढे जा. हात-पाय झटकले जातात, त्यामुळे "फिट आली" म्हणून लोक कांदा किंवा चप्पल नाकाला लावतात आणि मोलाची मिनिटं जातात. घोरल्यासारखा तुटक श्वास म्हणजे श्वास चालू आहे असं नव्हे. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर एकाने १०८ लावायचं आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला. १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा खेळाडू क्रिस्तियान एरिक्सन कोसळला, तेव्हा तो वाचला तो तत्काळ छातीदाब आणि विजेचा झटका देणारं यंत्र या दोन्हींमुळे. आपल्या मैदानांवर ते यंत्र क्वचित सापडतं, म्हणून छाती दाबता येणारी किमान चार माणसं प्रत्येक गटात हवीत. हे शिकायला एक दुपार पुरते.

मधुमेहींनी, विशेषतः ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असलेल्यांनी, खेळाआधी साखर पाहावी. ९० च्या खाली असेल तर केळं खाऊन उतरा. खेळताना थरथर, दरदरून घाम, चिडचिड सुरू झाली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. साखर रात्री झोपेतही उतरू शकते, म्हणून संध्याकाळी खेळल्यावर जेवण टाळू नका. खेळ झाल्यावर मोजे काढून तळवे बघा; बधिर पायाला फोड कळत नाही.

उन्हाळ्यात टर्फवर दुपारी उतरूच नका, प्लास्टिकचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो. घाम किती जातो ते मोजायला खेळाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं, ते पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटरने भरून काढा. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा लिंबू-मीठ-साखर बरं. रक्तदाबवाल्यांनी मीठ बेताने. पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोव्यात साचलेल्या पाण्याच्या मैदानावर खरचटल्या पायाने खेळलात तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालेलं असू द्या, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना मैदानाचं सांगा. ताप अंगात असताना, आणि डेंगी-फ्लूनंतर लगेच, खेळायचं नाही; हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते.

बारा आठवड्यांनी पुन्हा मोजतो. रक्तदाब, विश्रांतीतले ठोके, कमरेचा घेर, साखर. कंबर आणि ठोके बहुतेकांचे घटतात. वजनकाटा मात्र हिरमोड करतो, कारण चरबी जाते तशी मांडीही भरते. आणि सामन्यानंतर तांबडा-पांढरा रस्सा वाटीने नाही, तर भांड्याने होत असेल, तर तासभराच्या खेळाने तो हिशेब जुळणार नाही. गोळ्या कमी करायच्या का, हे डॉक्टर ठरवतील. "आता खेळतोय" म्हणून आपणच बंद करणारे दर हंगामात भेटतात.

ज्यांचे गुडघे झिजलेत, स्टेंट बसलाय किंवा साठी जवळ आली आहे, त्यांच्यासाठी चालता फुटबॉल आहे. इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डला २०११ साली तो सुरू झाला आणि तिथून पसरला. एक पाऊल सतत जमिनीवर हवं, चेंडू डोक्याच्या खाली हवा, धक्काबुक्की नाही. स्टेंटवाल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी आधी घ्यावी. आमच्याकडे पळताना सापडलेल्याविरुद्ध फ्री किक मिळते आणि तिसऱ्यांदा सापडला की तो दोन मिनिटं बाहेर. इथली भांडणं गोलवरून होत नाहीत, "तो पळाला" यावरून होतात, आणि पंच म्हणून उभं राहायला कोणी तयार नसतं.